खुंट्यांच्या खालची बाजू

"हात आणा इकडं."

मी टेप काढायला खिशात हात घातला होता, तो तसाच थांबला. गादीवर मांडी घालून बसलेल्या अंबाक्कांनी आपला तळवा माझ्यापुढे पसरला होता.

"आक्का, मी दुकान मोजायला आलोय. बांगड्या भरायला नाही."

"म्हाईत हाय. पण दुकान मोजणाराचं माप आधी मी घेते. आणा."

मी हात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, अंगठा आत दुमडला, बोटांच्या मुळाशी असलेली हाडं एकदा दाबून पाहिली आणि सोडून दिला. त्यांची नजर माझ्या हाताकडे नव्हतीच. माझ्या कानाच्या आसपास कुठेतरी होती.

"दोन-बारा," त्या म्हणाल्या. "बायामाणसात एवढा हात मी उभ्या जन्मात दोनदाच धरलाय. अंगठ्याला कधीतरी करवत लागलीय. तळव्याला पटाशीचे घट्टे हायत, छडीचा न्हाई. पोरांना मारत नव्हता तुम्ही."

समोर बसलेल्या दोघी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. बांगडीचं माप असंच सांगतात. एका इंचाचे सोळा भाग करायचे. दोन-बारा म्हणजे दोन इंच आणि वर बारा भाग. मुलांना पट्टीवरचे ते सोळा भाग दाखवायला मला दर वर्षी पंधरा दिवस लागायचे. या बाईने ते माझ्या हाडांवर एका श्वासात वाचले होते.

ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. करमाळ्याच्या शाळेत एकतीस वर्षं लाकूडकाम शिकवून मी नुकताच निवृत्त झालो होतो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हत्यारं होती आणि हात रिकामे होते. अशात एके दिवशी वेळापुरे बांगडीवाल्यांची सून हेमलता शेडच्या दारात येऊन उभी राहिली. सातवीत ती माझ्या वर्गात होती.

"सर, आमचं दुकान तुम्ही मांडून द्याल का?"

पेठेतला रस्ता रुंद होणार होता. त्या बाजूच्या सगळ्या दुकानांची पुढची पाच फूट जागा जाणार होती, आणि वेळापुरेंचं चौदा फूट खोल दुकान नऊ फुटांवर येणार होतं. दिवाळीनंतर पुढची भिंत नव्याने उठणार, आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू. तोवर आतली मांडणी तयार हवी होती. बाजारातली तयार कपाटं आणून लावली तर बांगड्या मावत होत्या, पण अंबाक्कांची गादी मावत नव्हती.

खरी अडचण तीच होती. अंबाक्का ही हेमाची सासू. त्या गादीवर त्या अठ्ठेचाळीस वर्षं बसत होत्या. करमाळ्यातल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या आई, लेक आणि नात अशा तिघींचेही लग्नाचे चुडे त्यांनीच भरल्याची घरं होती. त्यांचा मुलगा राजाराम जत्रांमधून दुकान लावायचा. त्याने सोलापुरात काचेचे काउंटर पाहिले होते आणि ते त्याच्या मनात भरले होते.

"गिऱ्हाईक उभं, आपण उभं, मधे काच," तो मला म्हणाला. "आईची सत्तरी झाली, सर. किती दिवस बसायचं तिनं? आता घरी बसावं, देवदेव करावा."

हेमा त्याच्यासमोर काही बोलली नाही. मला सोडायला रस्त्यापर्यंत आली तेव्हा म्हणाली, "सर, आत्यांना बसायला जागा पाहिजे. तेवढं बघा. बाकी सगळं तुम्ही ठरवा."

मी ठरवलं. आणि चांगलंच चुकलो.

मला वाटलं, दोघांचंही मन राखावं. म्हणून छत्तीस इंच उंचीचा काउंटर काढला आणि आक्कांसाठी त्यामागे उंच पाठीचं स्टूल. मागच्या भिंतीवर गुळगुळीत आडव्या दांड्या, सगळ्या एकसारख्या, आणि त्यांवर बांगड्या. रंगांच्या बाबतीत मी फार मन लावलं होतं. पोपटी, मग हिरवा, मग गडद हिरवा, मग मोरपंखी, मग निळा. एक रंग दुसऱ्यात असा उतरत जायचा की पाहणाऱ्याला सांधा सापडू नये. शेडमध्ये पुठ्ठ्याचं आणि फळ्यांचं खरोखरच्या मापाचं दुकान उभं केलं. हेमाने चार पेट्या बांगड्या आणून दिल्या. माझी बायको म्हणाली, "आता एक दिवा लावा आणि आरती करा याची." मला ते कौतुकच वाटलं.

आक्का, राजाराम आणि हेमा पाहायला आली. राजाराम खूश झाला. आक्का स्टुलावर चढून बसल्या, दोन्ही हातांनी काउंटरची कड चाचपली.

"वहिनी, या. तुमच्याच हातात भरते," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या.

त्यांनी तिचा हात धरला, दाबला. "दोन-सहा," म्हणाल्या. बरोबर होतं. मागे हात करून दांडीवरच्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि भरू लागल्या. पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. त्यांनी जरा जोर दिला. कट् आवाज झाला. दुसरीचं तेच. तिसरी फुटली तेव्हा माझ्या बायकोच्या मनगटावर रक्ताचा बारीक ठिपका आला.

बांगडी फुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत; वाढली म्हणतात. अंबाक्कांच्या हातून कुणाची बांगडी वाढल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

मी खाली वाकून तुकडे उचलले. बांगड्या दोन-चारच्या होत्या. आक्कांनी शेजारची दांडी घेतली होती.

"आई," राजाराम हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "आता पुरे कर."

आक्का स्टुलावरून उतरल्या. पदर सारखा केला.

"नव्या दुकानातला पहिला चुडा मी भरणार," त्या म्हणाल्या. "त्यातली एक जरी वाढली, तर मी आपणहून उठते. परत दुकानात पाऊल टाकायची न्हाई. आन् न्हाई वाढली, तर माझी गादी मी हाय तोवर कुणी हलवायची न्हाई. चालतंय?"

राजारामने हेमाकडे पाहिलं. हेमा फुटलेल्या काचा कागदात गुंडाळत होती.

"चालतंय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या दुकानात जाऊन बसलो. काम बिघडलं की मुलं लाकडाला नावं ठेवायची, कुणी पट्टीला. मी त्यांना म्हणायचो, आपण काय मोजायचं विसरलो ते आधी शोधा. आता मला माझंच सांगणं ऐकायचं होतं. मी दुकान इंचाइंचाने मोजलं होतं. त्यात बसणारी बाई मोजली नव्हती.

तासभर नुसता पाहत राहिलो. जुन्या दुकानात मांडणी अशी काही नव्हतीच. आक्कांच्या दोन्ही हातांना पत्र्याच्या डब्यांच्या उतरंडी होत्या, काहींची झाकणं चेपलेली, काहींना झाकणच नाही. पाहुण्या माणसाला तो सगळा पसाराच वाटला असता. पण आक्कांचा हात मागे गेला की हव्या त्या डब्यावरच पडायचा. त्या मागे वळून पाहत नव्हत्या. एखादीने विचारलं, "आक्का, ह्यात गडद कुठला?" तर त्या म्हणायच्या, "दारात उजेडात जा गं, तूच बघ. तुला घालायच्या हायत का मला?" बाई हसत दारात जायची. मीही हसलो असतो. पण तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर माझं हसू थांबलं.

खोली मोजायला म्हणून मी उजवीकडच्या उतरंडीतला एक डबा काढला होता. मोजून झाल्यावर परत ठेवला. थोड्या वेळाने एक बाई आली, दोन-चारचा डझनभर हिरवा दे म्हणाली. आक्कांचा हात मागे गेला, डबा पुढे आला, आणि त्यांनी बाईच्या हातात पहिली बांगडी चढवली.

"आक्का, हिरवा म्हणलं मी," बाई म्हणाली. "हा जांभळा हाय."

आक्कांचे हात क्षणभर थांबले. मग त्या मोठ्याने हसल्या. "बघत होते, तुझं ध्यान हाय का नवऱ्याकडं लागलंय."

बाई लाजली. आक्कांनी खालचा डबा ओढला, हिरवा चुडा भरला, बाई पाया पडून गेली. दुकानात आम्ही दोघंच उरलो. आक्का डब्याच्या कडेवरून बोट फिरवत होत्या.

"मास्तर, तुम्ही डबा हलवलात."

"मोजायला काढला होता. होता तिथंच ठेवला, असं मला वाटलं."

"एक घर वर ठेवलात."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं; म्हणजे माझ्या कानाकडे.

"आक्का, तुम्हाला दिसत नाही."

"दिसतं की. कडंकडंनं दिसतं. तुमचा कान दिसतो, टोपी दिसते. मधी काळं पडलंय, त्यामुळं तोंड दिसत न्हाई. भावाकडं गेले होते तवा तिकडच्या डॉक्टरला दाखवलं. पडदा गेलाय म्हणाला, येणार न्हाई म्हणाला."

"किती दिवस झाले?"

"तीन लग्नसराया."

तीन लग्नसराया ही बाई न पाहता काचेच्या बांगड्या भरत होती, आणि माझ्या शेडमध्ये येईपर्यंत एक वाढली नव्हती. माझ्या सुंदर, एकसारख्या, गुळगुळीत दांड्या मला आठवल्या.

"घरात माहीत आहे?"

"कुणाला न्हाई. आन् तुम्ही सांगायचं न्हाई. दिसत न्हाई म्हणल्यावर कुठली आई पोरीचा हात माझ्या हातात देईल? राजाला कळलं तर आजच्या आज मला घरी नेऊन बसवील."

"निदान हेमाला तरी सांगा. चांगली मुलगी आहे."

"चांगली हाय म्हणूनच सांगायचं न्हाई. ती मला न्हाई उठवायची. पण कीव करून बसवील. माझी गादी मी हातानं कमावलीय, मास्तर. सूनबाईनं कीव केलेल्या गादीवर मी एक दिस बसायची न्हाई."

मी टेप गुंडाळून खिशात ठेवली. मग विचारलं, "माल आला की डब्यांत कोण भरतं?"

"हेमाच भरती. लई शिस्तीची पोर. एक डबा इकडचा तिकडं करत न्हाई."

हे मी ऐकलं आणि त्यावर अधिक विचार केला नाही. एकतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला हे शोभणारं नव्हतं, पण तसं झालं खरं.

शेडमधलं पुठ्ठ्याचं दुकान मी त्याच संध्याकाळी मोडलं. बायको म्हणाली, "आरतीचं ताट परत ठेवू का?" मी म्हटलं, ठेव.

या वेळी आधी आक्का मोजल्या. मांडी घातल्यावर जमिनीपासून खांदा किती, खांद्यापासून बोटाचं टोक किती, न दुखता हात वर कुठवर जातो. हात कानाच्या वर जात नव्हता. तेव्हा कानाच्या वर काहीही नको. गादी राहिली, आणि कपाटं सगळी गेली. गादीच्या दोन्ही बाजूंना भिंतीलगत दोन फळ्या, पिसारा फुलवावा तशा किंचित वळवलेल्या, आणि त्यांवर तिरप्या खुंट्या. चार ओळी. सगळ्यांत खालची दोन-चारची, मग दोन-सहा, दोन-आठ आणि दोन-दहा. हात किती वर गेला यावरून माप कळावं. दर ओळीत बारा खुंट्या, बारा रंगांच्या. गिऱ्हाइकाला समोर बसायला तेवढ्याच उंचीची बैठक, आणि मधे हात टेकायला उतरती फळी. दाराशी राजारामसाठी नऊ इंच खोलीचं काचेचं कपाट, आत दिवा. ते पाहून त्याची निम्मी तक्रार मिटली.

उरला रंगांचा प्रश्न. गिऱ्हाइकाला दिसायच्या त्या खुंट्यांच्या गोल टोकांवर मी कसलीच खूण ठेवली नाही. पण बांगड्या खुंटीवर लटकतात तेव्हा खुंटीची खालची बाजू मोकळी असते. तिथे, टोकाजवळ, कानसेने बारीक खाचा पाडायच्या. एक खाच, दोन खाचा, तीन खाचा, मग तिरप्या, मग फुलीसारख्या, मग सरळ आणि तिरप्या मिळून. बोट खालून गेलं की रंग कळला पाहिजे.

पंधरा दिवस अंबाक्का रोज दुपारी आमच्या शेडमध्ये येत होत्या. घरी सांगायच्या, मास्तरच्या बायकोला गोधडीचे टाके दाखवायचे आहेत. शेडमध्ये मी फळीवर खुंट्या ठोकून ठेवलेल्या असायच्या.

"एक खाच?"

"लाल."

"एक सरळ, एक तिरपी?"

"जांभळा. मास्तर, चुकले तर अंगठे धरून उभं करणार का?"

"छडीचा घट्टा नाही म्हणालात ना."

"म्हणून भ्या वाटंना आन् ध्यानात राहीना."

असं म्हणायच्या, पण त्यांच्या ध्यानात सगळं राहत होतं. उलट त्याच मला दुरुस्त करायच्या. सुरुवातीला मी हिरव्याला एक खाच दिली होती. त्यांनी ती खुंटी हातात धरली आणि नको म्हणाल्या.

"हिरव्याला खूण कशाला? नवरीचा रंग त्यो. त्याची खुंटी कोरीच ठेवा. आन् मोरपंखी त्याच्या शेजारी नको. शेजारी ठेवला की हात फसतो."

माझं ते पोपटीपासून निळ्यापर्यंतचं इंद्रधनुष्य असं मोडलं. नव्या फळीवर हिरव्याशेजारी लाल आला, लालशेजारी आकाशी. आणि खरं सांगतो, ते जास्त देखणं दिसलं. रंग एकमेकांत हरवायचे थांबले आणि वेगवेगळे उठून दिसू लागले.

शेवटच्या दिवसांत हेमा शेडमध्ये आली. तयार खुंट्या टोपलीत होत्या. तिने एक उचलली, उलटी करून पाहिली.

"सर, खाली हे काय केलंय?"

मी आयुष्यात फार खोटं बोललो नाही. त्यामुळे मला ते नीट येतही नाही. "बांगड्या घसरू नयेत म्हणून," मी म्हणालो.

खाचा खालच्या बाजूला, बांगड्या वरच्या बाजूला. सातवीतल्या मुलानेही हसावं असं ते उत्तर होतं. हेमाने खाचांवरून अंगठा फिरवला.

"चांगली युक्ती आहे," ती म्हणाली आणि खुंटी टोपलीत ठेवून दिली.

तुळशीच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी जेऊरकडच्या एका खेड्यातली नवरी आली. बरोबर आई, दोन बहिणी आणि एक मामी. नवं दुकान पाहून सगळ्या दारातच थांबल्या. दुपारचं ऊन आत येत होतं आणि दोन्ही पिसाऱ्यांवरच्या काचा लखलखत होत्या. राजाराम आपल्या काचेच्या कपाटाशी हाताची घडी घालून उभा होता. हेमा स्टुलावर फडकं घेऊन बसली होती. मी कोपऱ्यात, फळीचा एक स्क्रू सैल असल्याचं निमित्त करून.

नवरी बैठकीवर बसली. आक्कांनी तिचा हात फळीवर घेतला.

"नाव काय गं?"

"सारिका."

"दोन-सहा. हात गार का पडलाय? मी काय सासू हाय व्हय तुझी?"

मुलगी हसली, आणि हसता हसता पहिली बांगडी आत गेली. आक्कांनी दुसऱ्या ओळीतली कोरी खुंटी शोधलीसुद्धा नव्हती. हात जणू तिथेच राहत होता. दुसरी, तिसरी, पाचवी. अंगठा दुमडायचा, हाडं दाबायची, बांगडी वळवायची. उजवा हात पूर्ण झाला. राजारामने हाताची घडी सोडली.

मामी मात्र शांत बसणाऱ्यातली नव्हती. ती उठून खुंट्यांपाशी गेली, मोरपंखी बांगड्या काढल्या, नवरीच्या मनगटाजवळ धरून पाहिल्या. "ह्या मधी घातल्या तर?"

"लग्नाच्या चुड्यात न्हाई," आक्का म्हणाल्या. "लग्नानंतर सोळाव्या दिवशी घाल."

"बरं बाई," असं म्हणून मामीने बांगड्या परत ठेवल्या, आणि ठेवल्या त्या दुसऱ्या ओळीतल्या कोऱ्या खुंटीवर. हिरव्यांच्या पुढे.

मी पाहिलं आणि माझ्या हातातला पेचकस निसटता निसटता राहिला. आक्कांनी डावा हात घेतला होता. त्यांची बोटं आता मागे जाणार, कोरी खुंटी ओळखणार, आणि नवरीच्या चुड्यात मोरपंखी बांगडी भरणार. मामी ओरडणार. मग सगळंच बाहेर येणार. मी बोललो असतो तर का बोललो हे सांगावं लागलं असतं.

तेवढ्यात हेमा स्टुलावरून उठली. "आत्या, जरा थांबा हं. धूळ बसलीय, पुसून घेते," म्हणत तिने फडक्याने दोन-चार खुंट्या पुसल्या. पुसता पुसता पुढच्या मोरपंखी बांगड्या काढून त्यांच्या जागी ठेवल्या आणि पुन्हा जाऊन स्टुलावर बसली.

आक्कांचा हात मागे गेला. हिरवी बांगडी पुढे आली.

डावा हात भरून झाला. एकही बांगडी वाढली नव्हती. नवरी वाकून आक्कांच्या पाया पडली. आक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. राजाराम पुढे आला. सगळ्या बायकांसमोर तोही आईच्या पाया पडला. मला वाटलं, काय नशीब, नेमकी त्याच वेळी हेमाला धूळ दिसली.

त्यानंतर अंबाक्का सात वर्षं त्या गादीवर बसल्या. गेल्या तेव्हा आदल्या दिवशीपर्यंत त्यांनी बांगड्या भरल्या होत्या.

त्यांचं दिवसकार्य झाल्यावर मी दुकानात गेलो. मधल्या वर्षांत माझे गुडघे धरले होते, पेठेत जाणं कमी झालं होतं. हेमा गादीजवळ खाली बसली होती, गादीवर नाही. मी बैठकीवर टेकलो आणि सवयीने खुंट्यांवरून नजर फिरवली. ओळीत तेरा खुंट्या होत्या.

मी बारा केल्या होत्या. पुन्हा मोजल्या. तेराच. चारही ओळींत शेवटची खुंटी अबोली रंगाची होती. मी उठलो, त्या खुंटीखालून बोट नेलं. दोन सरळ खाचा, एक तिरपी. माझ्या क्रमातली नेमकी पुढची खूण.

"हे कुणी केलं?"

"मी," हेमा म्हणाली. "अबोलीची फॅशन आली तेव्हा. पाच वर्षं झाली."

मी खाली बसलो.

"तुला माहीत होतं."

"तुम्हाला बोलवायला आले त्याच्या आधीपासून, सर. आत्या चहाचा कप घ्यायच्या तेव्हा आधी बशी चाचपायच्या. मग मी डबे हलवायचे बंद केले. कप पण रोज एकाच जागी ठेवायला लागले."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सांभाळून वागला असता त्यांच्याशी. आवाजात आलं असतं. त्यांना आवाजावरून सगळं कळायचं." तिने गादीवरची सुरकुती सरळ केली. "मला कळलंय हे त्यांना कळलं असतं, तर त्या दुसऱ्या दिवशी उठल्या असत्या."

"आणि मला ओळखताच आलं नसतं तर?"

"तुम्हाला?" ती पहिल्यांदा हसली. "सातवीत तुम्ही आमचे डोळे बांधून लाकडावरून हात फिरवायला लावायचे. कुठं घासायचं राहिलंय ते हाताला विचारा म्हणायचे. माझ्या कामाला दर वेळी कुसळ सापडायचं. 'क' दिला होता तुम्ही मला."

दिला होता. मला चांगलं आठवत होतं. हुशार मुलगी, पण कडा घासायचा कंटाळा.

"ही खुंटी लावली तेव्हा आक्का काय म्हणाल्या?"

"पहिल्या दिवशी खालून बोट फिरवलं. जरा थांबल्या. मग म्हणाल्या, 'मास्तर येऊन गेले वाटतं.' मी म्हटलं, हो."

इंचाचा सोळावा भाग हाडावर वाचणारी बोटं होती ती. त्या बोटांना हेमाची खुंटी माझी वाटली होती. एकतीस वर्षांत मी मुलांना पुष्कळ श्रेणी दिल्या. याच्या वरची एकही माझ्या वहीत नव्हती.

मी डोळे मिटले आणि पुन्हा एकदा त्या खुंटीखालून बोट नेलं, सावकाश, टोकापासून मुळापर्यंत. कुठेच कुसळ नव्हतं.